वणव्याच्या कागदावरचं नाव

पांढुर्ण्याच्या स्टँडवर सौंसरच्या बसची वाट पाहत बसलेल्या जयश्रीबाईंच्या बाकड्यावर वनखात्याच्या खाकी वर्दीतली एक बाई येऊन टेकली. तिच्या बुटांना राख होती. मागोमाग फाइल छातीशी धरून ऑफिसातले बाबू धापा टाकत आले.

“प्रणाली मॅडम, अख्ख्या इलाख्यात वणवा अडवाचं काम तुमच्या हाताखाली. मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी फुलं दिसाले झाडाखालचा पाला पेटवला, एवढंच लिहा न. साहेब थांबून राहिले.”

“त्यायनं नाही पेटवला, रघुनाथराव. यंदा त्या पाला झाडून राहिल्या.”

“दरसाल तर पेटवतात!”

“दरसालचं सोडा. यंदा त्यायनंच पळसाच्या फांद्यायनं झोडपून आग विझवली. आन् केस त्यायच्यावरच टाकू?”

“मंग लागली कशानं?”

“वणवा अडवाले आपण जंगलात पट्टा जाळतो न, तो सकाळी, वारा पडला असताना जाळा लागते. आपण भर दुपारी जाळला. जाळ हातचा सुटला.”

“हे कागदावर लिहान? हुकूम कोणाचा होता, इचारतीन.”

“लिहून आणलं. वाचा.”

“अवो मॅडम, इथं तर तुमचंच नाव हाय!”

“हुकूम माह्याच होता. साहेबाले सांगा, खोडाचं असन तर माह्यासमोर येऊन खोडा.”