मोत्याचा मान

लातूर नवा जिल्हा झाला, तवाच्या दुष्काळातली गोष्ट. दसऱ्यानंतर उदगीरचा माझा आडत्या दोस्त शिवाप्पा आन मी खंडोबाचा डोंगर चढत होतो. माझा कुत्रा मोत्या बी संगं.

"देवळात कुत्रं? गुरव हाकलून देतोय बघ," शिवाप्पा वाटभर कुरकुरला.

वर हौद आटलेला, गुरवाकडं घागरभरच पाणी. त्यानं मोत्याच्या कपाळाला भंडारा लावला, पहिली वाटी त्याच्यापुढं ठेवली. म्हणाला, "खंडोबाचं कुत्रं हाय, आधी त्याचा मान."

शिवाप्पाचा घसा लई कोरडा पडलेला. तो पांढऱ्याशुभ्र धोतरासकट मोत्याशेजारी बसला आन वाघ्यासारखा खणखणीत भुंकला.

गुरवानं त्यालाही भंडारा लावून वाटी दिली. मग माझ्याकडं वळला, "मालक, तुमाला तहान न्हाई वाटतं?"