हाड क्रमांक ४१७

नाव त्सांग शूथिएन, वय ६३, धंदा डायनासोरच्या खोदकामावर मजुरी, राहणार ओढ्याकाठची वाडी, चुचंग, शानतुंग प्रांत. स्वतः ठाण्यात हजर होऊन जबाब देतो तो असा :

मी एकतीस वर्षे या खोदकामावर आहे. इथे निघतो तो बदकाच्या तोंडाचा, पन्नास फुटी प्राणी. आम्ही त्याला बदकच म्हणतो. हाड साफ करून त्यावर शाईने क्रमांक घालणे हे माझे काम; आकडे तेवढे लिहिता येतात, अक्षरे नाहीत.

माझा एकुलता मुलगा लिनशेंग, वय २६, मासेमारीच्या बोटीवर होता. मागच्या हिवाळ्यात बोट बुडाली. प्रेत मिळाले नाही. आमच्याकडे हाडांशिवाय वाडवडिलांच्या थडग्यांच्या रांगेत जागा देत नाहीत. फार तर कणकेचा माणूस करून पुरतात. बायको ऐकेना. म्हणाली, "कणीक उंदीर खातील. माझा पोरगा हवाय मला."

तीन मार्चला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी भांडारातून बदकाच्या पायाच्या बोटाचे हाड क्र. ४१७ उचलले. क्रमांक खरवडला. हाताला तीच सवय, पण उलटी. लाल कापडात गुंडाळून घरी नेले आणि बायकोला सांगितले, बोटवाल्यांनी पाठवलेय, एवढेच सापडले.

तिने गाठोडे मांडीवर घेतले. हाडाचा दगड झालेला, वजन साडेतीन किलो. मी घाबरलो. ती म्हणाली, "जन्मला तेव्हा एवढाच जड होता." दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मातीत ठेवले.

काल समजले की चोरीचा आळ पहारेकरी क्वान फूवर आला आणि त्याला कामावरून काढले. त्याचा काही संबंध नाही. रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी बायकोला सगळे खरे सांगितले.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एकतीस वर्षं तुमचे कपडे धुतेय. त्या खड्ड्याची माती मला ओळखू येणार नाही होय?"

मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"हात रिकामे नव्हते ना माझे, तेवढे दोन दिवस." मग म्हणाली, "जा आता. क्वानलाही आई आहे."

थडगे उघडायला माझी हरकत नाही. हाड काढले की तिथे तेवढ्याच वजनाचा दगड ठेवू द्यावा, ही विनंती. क्रमांक मी खरवडलाय, पण डाव्या कडेला माझ्या कुदळीचा टवका आहे. त्यावरून ओळख पटेल. बायको सोबत आली आहे, बाहेर बाकावर बसली आहे. तिला काही विचारू नये.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे. एके ठिकाणी 'त्याला मातीत ठेवले' असे आले आहे, तिथे 'त्याला' खोडून 'हाड' लिहू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो.

अंगठा : त्सांग शूथिएन