नातं नसल्याचा दाखला

एक गुलाबी फेटा. बिनशेपटीचं एक जनावर. कढईतून काढलेली गरम बुंदी. रविवारचा मुहूर्त. आणि अंगणात बांधायला घेतलेली तिरडी!

काय संबंध? म्हणाल, आज कीर्तनात बुवांचं डोकं फिरलं! थांबा मंडळी, संबंधाचीच तर गोष्ट आहे. माणूस म्हणतो, "आमचं त्यांचं तुटलं." मला सांगा – नातं असं म्हटल्यानं तुटतं का? पेटीवाले, तुम्ही मान हलवू नका, तुमचं मला माहीत आहे!

तर ऐका. दौलतराव खराडे. गावात वजन, घरात मुलाचं लग्न, रविवारचं. मांडव पडला, आचारी आले, बुंदी पाडायला सुरुवात. आणि बुधवारी सकाळी निरोप – निवृत्ती गेला!

निवृत्ती कोण? दौलतरावांचा सख्खा चुलतभाऊ. भिंतीला भिंत! म्हणजे सुतक आलं. म्हणजे लग्न गेलं पुढं. पण दौलतराव म्हणाले, "सुतक कसलं? आमचं त्यांचं तुटलंय."

कशावरून तुटलं? निवृत्तीच्या मुलीच्या लग्नात पहिला गुलाबी फेटा बांधला कारखान्याच्या संचालकाला, दुसरा दौलतरावांना. झालं! अकरा वर्षं बोलणं बंद. हसताय? तुमचं कशावरून बंद आहे ते विचारू का?

पण भाऊबंद ऐकेनात. "तू मानलं नाहीस तरी सुतक लागतंच," म्हणाले. दौलतराव बोटांवर खर्च मोजू लागले. आचारी, वाजंत्री, गावोगाव गेलेल्या पत्रिका! मग त्यांना आठवली भाची. हर्षदा. पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, लग्नासाठी चार दिवस आधीच आलेली. तिला त्यांनी खोलीत बोलावलं, दार लोटलं.

"हर्षू, तुमच्या त्या डीएनएवरून नातं कळतं ना गं?"

"कळतं की मामा."

"मग एक दाखला दे. दौलतराव खराडे आणि निवृत्ती खराडे यांचं काहीएक नातं उरलेलं नाही. खाली सही. शिक्का असला तर फारच बरं."

हर्षदानं ओठ दाबले. शेजारी मयत होतं, हसायचं कसं?

"मामा, मी तिथं काय करते ठाऊक आहे? माणसाचा डीएनए आणि चिंपांझीचा डीएनए शेजारी शेजारी मांडून बघते."

"माकडाचा?"

"माकड नव्हे, कपी. शेपूट नसते त्याला."

"बरं, बिनशेपटीचं. त्याचं माझ्या मांडवात काय काम?"

"त्याची आपली वाट वेगळी होऊन साठ-सत्तर लाख वर्षं झाली. तेव्हापासून ना येणं-जाणं, ना सोयरीक. आणि डीएनएची जेवढी अक्षरं शेजारी मांडता येतात, त्यात शंभरातली अठ्ठ्याण्णव अजून जुळतात!"

दौलतराव खाटेवर बसले. "आणि निवृत्तीची नि माझी?"

"मामा, निवृत्तीमामा तर माणूस! वर तुमचा आजा एक."

"अगं पण मी तोडलंय ना!"

"ते यंत्राला कुठं कळतं? किती जुळतं तेवढंच ते सांगतं. तुटलं असा आकडाच येत नाही त्यात."

बघा मंडळी! लाखाचं यंत्र, पण भाऊबंदकीत कच्चं!

दौलतराव चिडले. "मग माणसात आणि त्याच्यात फरक तो काय?"

"उरलेल्या थोड्यात बरंच काही आहे. नेमकं काय, ते शोधतोय आम्ही. मला विचाराल तर फेटा त्यातच निघेल."

"थट्टा करतेस मामाची?"

"थोडी. पण एक खरं सांगते. चिंपांझीही भांडतात. चावे घेतात, रक्त काढतात. आणि पुष्कळदा थोड्याच वेळानं त्यातला एक परत येतो, हात पुढं करतो. दुसराही घेतो जवळ."

"थोड्याच वेळानं?"

"थोड्याच वेळानं, मामा."

भिंतीपलीकडून बायकांचं रडणं येत होतं. ती भिंत किती पातळ आहे, हे दौलतरावांना आज कळलं. त्यांनी खिशातून फोन काढला. व्याह्यांना लावला.

"लग्न पुढं ढकलावं लागतंय. सुतक आलंय."

"अरेरे! कोण गेलं?"

दौलतरावांना चुलतभाऊ म्हणायचं होतं. भाऊबंदांतलं कुणी म्हणायचं होतं. तोंडातून एकच शब्द आला.

"भाऊ."

आचाऱ्याला त्यांनी चूल विझवायला सांगितली आणि अनवाणीच शेजारच्या अंगणात शिरले. निवृत्तीच्या मुलानं मान वर केली. अकरा वर्षांनी काका दारात! कुणी या म्हटलं नाही. कुणी जा म्हटलं नाही. फक्त तिरडी उचलताना पुढचा एक माणूस बाजूला झाला, एका खांद्यापुरता.

आता माझ्याकडं बघा. या मंडपात दोन भाऊ बसलेत. एक डाव्या खांबाशी, एक उजव्या. मी त्यांच्याकडं बघत नाही हं! तुम्हीही बघू नका! बाबांनो, दौलतरावांनी हात पुढं केला, पण तो धरायला समोर कुणी उरलं नव्हतं. तुमचा समोर बसलाय. जिवंत आहे, खोकतोय, मघापासून चोरून तुमच्याकडं बघतोय. मग वाट कशाची बघताय? दाखल्याची?

निवृत्ती खराड्यांनी मरायच्या आदल्या आठवड्यात, पत्रिका आली नसताना, त्या लग्नासाठी नव्या चपला घेतल्या होत्या.