बारा दिवसांत सहा मिनिटं

नाही नाही नाना, पेन ठेवा खिशात, आधी चहा घ्या. सही काय पळून जाते? तुम्ही युनियनची माणसं, आलात की कागद पुढे. काय लिहिलंय — 'चाळीच्या गॅलरीतलं घड्याळ अचूक आहे असं मी, ते बनवणारा लवू परब, लिहून देतो.' बरं. आणि हे घेऊन तुम्ही कंपनीत जाणार, सांगणार की आमच्या शेजारच्या रत्नप्रभावहिनी कामावर लेट नव्हत्या, तुमच्या गेटवरचं घड्याळच पुढे आहे. आत्ता मनगटावरच्याशी लावून बघितलंत ना? सेकंदाला सेकंद. हो, आज बरोबर आहे ते. आज.

बसा ना. तसं घड्याळ चांगलंच आहे हो — मी इथे अंधेरीलाच टीव्हीच्या कारखान्यात टेस्टिंगला, चिपचं काम बघून बघून शिकलो, लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणला, प्रोग्रॅम स्वतः लिहिला. लाल आकडे पेटले तेव्हा अख्खा मजला बघायला आला, कोपऱ्यातल्या खोलीच्या सुंदराबाईंनी तर नारळ फोडला. आणि मी — तोंड बंद ठेवायचं ना? नाही. म्हणालो, कॉम्प्युटरची चिप आहे, याला हात लावायला लागत नाही, वर्षात एक सेकंद चुकणार नाही. लोकांनी घरातल्या घड्याळांना चावी देणं सोडलं.

आता खरं काय ते — हे लिहू नका हां — ते दिवसाला अर्धा मिनिट मागे पडायचं. पहिल्या आठवड्यातच कळलं मला. मग सांगितलं का कोणाला? कसला सांगतोय. सकाळी पाणी आलं की सगळे नळावर, गॅलरी रिकामी — तेवढ्यात स्टुलावर चढायचं, ट्रान्झिस्टर कानाला, बातम्यांआधीचे ठोके पडले की बटण दाबून वेळ जुळवायची, उतरायचं. आठ महिने. बायकोला वाटायचं, मी पुसतो त्याला.

आणि गणपतीला गावी गेलो. जाणारच ना, कोकणातला माणूस. घड्याळाचं आठवलं ते एसटीत बसल्यावर — नाही, खोटं कशाला बोलू, बॅग भरतानाच आठवलं होतं. कोणाला तरी सांगायचं, रोज बटण दाबा म्हणून — पण मग हात लावायला लागतो हे सगळ्यांना कळलं असतं. नाही सांगितलं. बारा दिवसांत सहा मिनिटं. वहिनी नोकरी नवीन म्हणून इथेच होत्या, त्या आकड्यांवर घर सोडत होत्या. शेवटचे तीन दिवस गेटवर लेट. गप्प राहिल्या असत्या तर समज देऊन सोडलं असतं हो — पण त्या टाइमकीपरशी भांडल्या. 'आमच्या लवूभावजींचं घड्याळ चुकत नाही, तुमचंच चुकलंय.' तिन्ही दिवस हेच. उद्धट म्हणून काढलं त्यांना. पर्मनंट व्हायला दोन महिने राहिले होते. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, ते तुम्हाला मी काय सांगू.

मी परत आलो, आल्या आल्या वेळ जुळवून टाकली, कोणाशी बोलायच्या आधी. वहिनी आल्या. भावजी, घड्याळ बरोबर होतं ना हो? म्हणालो, बरोबरच होतं, तुम्ही युनियनकडे जा. — म्हणजे तुमच्याकडे मीच पाठवलंय त्यांना, नाना. त्यांच्या तोंडाकडे बघून बोललो हे. लाज वाटते हो, जेवण जात नाही.

नंतर तीन रविवार बसलो. क्रिस्टल असतो त्यात, त्याच्या ठोक्यावर सगळं चालतं — तो बदलला, दुसरा आणला, तिसरा, तरी मागेच. क्रिस्टलला शिव्या घातल्या आणि चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये. चिप एका आकड्यापर्यंत मोजते, मग पुन्हा सुरू करायच्या आधी जरा थांबते, इतकं जरा की माणसाला कळणारही नाही — ते थांबणं मी धरलंच नव्हतं. सेकंदाला वीस वेळा. साठत जातं ते. ते धरलं, आता तीन आठवडे झाले, हललं नाही. म्हणजे मी सही केली तर मला पकडणार कोण? कोणीच नाही. रोज हेच म्हणतो मी स्वतःला.

द्या इकडे. नाही, हा नको, कोरा घ्या. लिहा — घड्याळ मागे होतं, बनवणाऱ्याला ते माहीत होतं, बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला, त्यांची चूक नाही. याने नोकरी परत मिळते का? मलाही नाही माहीत, तुम्ही बघा. ही घ्या सही. चाळीत काय बोलायचं ते बोलू देत. फक्त वहिनींना तुम्ही सांगा, उद्या युनियनमध्ये बोलावून. नाही, मी येत नाही, चल म्हणू नका. निघा आता नाना. आणि मागच्या जिन्याने उतरा — पुढच्या गॅलरीत त्या बसल्यात, माझी सही झाली का बघायला.