कुंभारनीचं घर

माझं म्हायेर कवठे महांकाळकडच्या कोरड्या रानातलं. तिथं मानसाला पानी न्हाई तर किड्याला कुठलं, पन कुंभारीन यायची. काळी-पिवळी, कंबर दोऱ्यावानी बारीक, गांधीलमाशीची बहीनच म्हना. न्हानीजवळच्या वल्या मातीची गोळी तोंडात धरून आनायची अन भितीला लावताना गुनगुनायची, काय सांगू तुमाला, मी कामं टाकून बघत बसायची. आई म्हनायची, मोडू नगं गं, कुंभारनीनं घर केलं की घरात पाळना हलतो.

लगीन करून हिकडं कडेगावच्या बाजूला आले. माझ्या पोराच्या येळंला ती आलती, खरंच आलती. लय गुनाची. हिरवी अळी धरती, डंख मारून निस्ती निजवती, मारत न्हाई, मातीच्या खोलीत कोंडती, संगट अंडं घालती, तोंड लिंपती अन निघून जाती. पोराचं तोंड काय ती बघत न्हाई. मी तरी कुठं बघितलं शेवटचं? पलटनीतनं पेटी आली ती बंदच, उघडू नका म्हनले सायेब. गाडी दरीत गेलती म्हनं.

मागं सून ऱ्हायली, सुरेखा. मला आत्या म्हनायची. पोराच्या खोलीत गप बसून असायची, पंखाबी लावायची न्हाई. वरीस उलटून गेलं अन कुंभारनीनं त्याच खोलीत, त्याच्या फोटूखाली घर बांधलं. मला बरं वाटलं ओ, कोनतरी आलं घरात. पन भांगलनीला बोलवायला आलेल्या बायांनी ते बघितलं, मग एकमेकीकडं बघितलं, अन चा न पिताच गेल्या. दुसऱ्या दिशी रानात कुजबूज, कुंभारीन खोटं बोलत न्हाई बाई, मोकळ्या कपाळाच्या घरात आता पाळना कुनाचा?

मी भांडले. म्हनलं, अगं भवान्यांनो, जिथं कोन हालत न्हाई, बोलत न्हाई, तिथं ती घर करती, तिला सुनी खोली लागती, एवढंच. पन कोन ऐकतंय. सुरेखा म्हनली, आत्या, मोडा ते. मी म्हनलं, मोडलं तर म्हनतील लपवलं, अन ठेवलं तर रोज बघाय येतील, काय करू सांग. तिनं जेवान टाकलं. शेवटी इस्लामपुरास्नं तिचा भाऊ आला अन घेऊन गेला. मी अडवलं न्हाई, पन लय रडले. पुढं तिचं दुसरं लगीन झालं, बरं चाललंय म्हनत्यात. भलं होवो तिचं, लेकराबाळांनी घर भरू दे. मी फोन करत न्हाई, हितली कुजबूज तिच्या नव्या घरात कशाला धाडायची.

आता मी एकलीच. ह्या साली कुंभारनीनं चुलीच्या वर, देव्हाऱ्यामागं, माझ्या उशाच्या भितीला, दिसंल तिथं घरं केल्यात. त्याच बाया येत्यात, वर बघत्यात, चा पित्यात, कोन कायबी बोलत न्हाई. बोल लावायला तरनी पोर लागती, ती तर त्यांनी घालवली.