निजणाऱ्याची भाकर

वाशीम-रिसोड एसटीत सतीशला डुलकी लागली होती. पुढच्या बाकावरची म्हातारी सोबतच्या भाचीवर एवढ्यांदा खेकसली, की तो दचकून जागा झाला.

"बाराशे? काय सांगून राह्यली व राखी! थे तं दिवसभर खाटेवर पडून राह्यतात."

"मावसाजीचं वजन ऐकून डॉक्टरनंच सांगतलं, मावशी. निस्तं पडून राह्यलं तरी आंग बाराशे कॅलरी जाळते."

"पडल्या पडल्या काय जळते, माय?"

"त्याइच्या आंगाले हात लावला तं गरम लागते ना? काळीज चालते, श्वास चालते. थे कायच्यावर चालते मंग?"

"पोटातल्या भाकरीवर, अजून कायच्यावर?"

"तू किती भाकर देतं त्याइले?"

"वावरात जाणाऱ्याले दोन, घरात बसणाऱ्याले एक. लकवा झाल्यापासून त्याइले अर्धी."

"अन् तेवढ्यात भागते?"

"पयले मांगत होते अजून. मीच म्हणो, काम ना धंदा, तुमाले भूक कायची लागते?"

"अन् आता?"

"दिवाळीपासून मांगतच नाहीत. मले वाटलं, भूकच लागत नसंल."

तेवढ्यात एका फाट्यावर गाडी थांबली आणि म्हातारी ताडकन उभी राहिली.

"ओ कंडक्टरभाऊ, गाडी काहून उभी केली? हाणा ना लवकर! मायावाला माणूस उपाशी हाय घरी!"