पडद्याचा दांडा आणि आमच्या घरचा लेथ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, नाट्यगृहातले माझे सगळे सहकारी, पुढच्या रांगेतले पाहुणे आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले माझे जुने प्रेक्षक, सर्वांना नमस्कार.

माझ्याबद्दल आत्ता इतकं चांगलं बोललं गेलं की क्षणभर वाटलं, कोण ही बाई, एकदा भेटायला हवं हिला! इतकी वर्षं हा रंगमंच सांभाळला, हे मान्य. पण आज मला दुसऱ्याच एका सत्काराची घाई झाली आहे. आमचे हे तिकडे विंगेत उभे आहेत. बोलावलं तर येत नाहीत. हाताला ग्रीस लागलंय म्हणे.

आपल्या पडद्याचं दुखणं तुम्हाला ठाऊकच आहे. छान खाली येतो आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर अडकतो. गेल्या हंगामात आपल्या नायकाने इथे काय सुंदर प्राण सोडला होता! सभागृह मुसमुसत होतं. आणि मग पडद्याखालून मेलेल्या नायकाचे पाय उठले आणि चहा प्यायला निघून गेले.

पडद्याची दोरी वरती ज्या चाकावरून जाते, त्या चाकाचा दांडा झिजला होता. तसा दांडा आता कुठे मिळत नाही. मग समितीने ठरवलं, बाई निवृत्त झाल्या की पडदाही उतरवायचा. ‘हल्ली पडद्याशिवाय होतात की नाटकं.’ होतात हो. पण पडद्याआड नट कपडे सारखे करतो, खोल श्वास घेतो, त्या एका क्षणासाठी मी इथे आयुष्य घालवलं. माझ्या पाठोपाठ तो भंगारात जाणार, हे मला सोसवेना. घरी जाऊन चक्क रडले.

आमचे हे चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेले. मागच्या खोलीत त्यांचा एक छोटा लेथ आहे, धातू फिरवत कातायचं यंत्र, टेबलावर मावणारं. म्हणाले, “दांडा ना? मी करतो.” करतात कसले! त्या लेथवर तोवर पितळेची बटणं आणि कपाटाच्या मुठी व्हायच्या. पोलाद लावलं की कातायचं हत्यार थरथरायचं आणि असं किंचाळायचं, की शेजारच्या वहिनी धावत यायच्या, “सगळं ठीक आहे ना?” हे म्हणायचे, “यंत्रच डळमळतंय.” मी म्हणायचे, “नाचता येईना, अंगण वाकडं!” आणि काय सांगू, अंगण खरंच वाकडं निघालं. हत्यार ज्या छोट्या सरकत्या भागावर बसतं, तोच हलत होता. तो काढून तिथे भरीव लोखंडाचा ठोकळा बसवायचं ठरलं.

ठोकळा मी पुरवला. अध्यक्ष महोदय, पडद्याच्या दोरीला बांधायचं, भंगारात निघालेलं एक लोखंडी वजन मी मागून नेलं, तेव्हा आपण विचारलंत, “बाई, घरी दार आपटतं का वाऱ्याने?” तेच ते वजन.

यांनी मोठ्या उत्साहाने लेथ खोलला. सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले. मग ठोकळा हातात घेऊन नुसते उभे. मी विचारलं, “काय झालं?”

“ठोकळा सपाट करायला लेथ लागेल.”

हसा, मीही हसले. मुकाट्याने सगळं परत जोडलं. मग त्याच डळमळत्या भागाच्या भरवशावर, केसाएवढं केसाएवढं कापत, त्याचीच जागा घेणारा ठोकळा तयार केला. माझ्या खुर्चीत उद्यापासून बसणाऱ्या ताई, खरं सांगते, तेव्हा मला तुमची आठवण झाली.

मोटरही अशक्तच होती. एक दिवस पाहते तर जावईबापूंनी यांच्या गुडघ्यांसाठी पाठवलेल्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळताहेत आणि तिची मोटर लेथला! “अहो, आणि तुमचं चालणं?” तर म्हणतात, “भंगारवाल्याकडे रोज पायी जातो, ते काय?”

शेवटी रविवारी पोलाद चढवलं. मी आधीच कानात बोटं घातली. हत्यार टेकलं. बोटं काढली, तरी आवाज नाही! लोखंडाचा कीस कुरळा होऊन मुकाट खाली पडत होता. इतक्यात वहिनी दारात. “आज आवाज नाही आला, सगळं ठीक आहे ना?” वहिनी, इतकं ठीक आमच्या घरी कधीच नव्हतं.

तो दांडा आज दुपारी वर बसवला. चाचणी घेतलेली नाही. हे म्हणाले, “मोजून केलाय, चाचणी प्रेक्षकांसमोरच.” हसतील त्यांचे दात दिसतील. समितीचा शब्द आहे, आज पडदा जमिनीला टेकला तर राहील.

या घराने मला खूप दिलं, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. कामाच्या धांदलीत कुणाला टाकून बोलले असेन, आज कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर पोटात घाला. आता फक्त माझ्या पायांकडे बघा.

पडदेवाले काका, सोडा पडदा!

चेहरा गेला ना माझा? कंबर गेली... आता गुडघे... काका, सोडत राहा... टेकला! टेकला हो!

अहो, टाळ्या ऐकताय ना? माझ्या नाहीत त्या, तुमच्या आहेत. ग्रीस असू दे हाताला. या इकडे. मान्यवर सोडले तर आता कोणी बघत नाही.